दोन आडनावांची माणसं

अमेरिकेत रस्त्यात कुणी स्पॅनिश बोलताना कानावर आलं, की ऐकणाऱ्याच्या मनात मेक्सिको येतो, क्यूबा येतो, प्वेर्तो रिको येतं. स्पेन येत नाही. न्यूयॉर्कच्या वाणसामानाच्या दुकानांत ‘गोया’ नावाचे घेवड्याचे आणि ऑलिव्हचे डबे फळ्यांवर रचलेले असतात. ते उचलणाऱ्या बहुतेकांना ही लॅटिन अमेरिकेतल्या मंडळींची कंपनी वाटते. ती १९३६ मध्ये मॅनहॅटनच्या ड्यूएन स्ट्रीटवर काढली प्रुदेन्सिओ उनानुए या गृहस्थांनी, आणि ते होते स्पेनच्या बुर्गोस प्रांतातले, प्वेर्तो रिकोमार्गे तिथे पोचलेले. सार्डिन मासे, ऑलिव्ह तेल असा मायदेशाचा माल ते विकत. पुढे गिऱ्हाईक बदललं, माल बदलला, धंदा फोफावला आणि त्या नावातला स्पेन कुणाला दिसेनासा झाला.

इटलीहून आलेला माणूस अमेरिकेत इटालियन म्हणून ओळखला गेला, कारण त्याची भाषा तिथे दुसऱ्या कुणाची नव्हती. स्पेनच्या माणसाची भाषा त्याच्या आधीपासून तिथे होती आणि त्याच्यानंतर कितीतरी पटींनी आली. त्या भाषेने त्याला काम दिलं, शेजार दिला आणि दोन-तीन पिढ्यांत त्याला पुसूनही टाकलं. त्यातही गंमत अशी की गालिसिया किंवा बास्क मुलुखातून आलेल्या कित्येकांची घरची बोली मुळात स्पॅनिश नव्हतीच. परक्यांच्या हिशेबात मात्र सगळे एकाच रकान्यात गेले.

या पुस्तकाचा विषय ही माणसं आणि त्यांच्या घरांतून सांगितल्या जाणाऱ्या हकिकती. साधारण १८८० ते १९३० या काळात पस्तीसेक लाख लोक स्पेन सोडून अमेरिका खंडांत गेले. त्यांतले फार मोठे दोन ओघ अर्जेंटिना आणि क्यूबाचे. त्यांच्यावर भरपूर लिहून झालं आहे आणि ब्यूनोस आयर्सला स्पॅनिश वंशाचं कौतुक तरी काय असणार! उत्तरेकडे, म्हणजे आज आपण नुसतं अमेरिका म्हणतो त्या देशात गेलेला ओघ बारीक होता. तिथे संस्था लहान, वस्त्या विखुरलेल्या आणि पुढची पिढी इंग्रजी. त्यामुळे हा इतिहास ग्रंथालयांपेक्षा माळ्यावरच्या पेट्यांत जास्त राहिला. जेम्स फर्नांदेझ आणि लुइस आर्खेओ या दोघांनी घरोघरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलांवर जुने अल्बम उघडून छायाचित्रं जमवली आणि २०१४ मध्ये त्यांचं एक पुस्तक काढलं. त्याचं नाव ‘इन्व्हिजिबल इमिग्रंट्स’. नाव थोडं नाटकी आहे, पण खोटं नाही.

कुटुंबकथा वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ही माणसं एका देशातून दुसऱ्या देशात गेलीच नाहीत. ती एका गावातून दुसऱ्या गावात गेली. अस्तुरियास प्रांतात आविलेस बंदराजवळ आर्नाओ नावाची जागा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बेल्जियन भांडवलावर जस्ताचा कारखाना चालत होता. जस्ताची भट्टी राखणं हे कुणाही मजुराचं काम नव्हे. धग सोसण्याची सवय लागते, धातू कधी उतरवायचा याची नजर लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जस्ताचे नवे कारखाने उभे राहू लागले तेव्हा ही नजर असलेली माणसं आविलेसच्या आसपासच्या खेड्यांतून तिकडे निघाली. वेस्ट व्हर्जिनियातलं अॅनमूर आणि स्पेल्टर, मिझुरीतल्या सेंट लुइसचा दक्षिण भाग, पेनसिल्व्हेनियातलं डोनोरा. नकाशावर ही ठिकाणं एकमेकांपासून शेकडो मैल लांब. पण आविलेसकडच्या एखाद्या घराला विचाराल तर ती जवळजवळची, कारण थोरला भाऊ एकीकडे, मेहुणा दुसरीकडे आणि एका भट्टीवर संप झाला की सगळे तिसरीकडे. जी. डब्ल्यू. गोन्झालेझ या लेखकाने या वेस्ट व्हर्जिनियाच्या वस्तीवर ‘पिनिक किनिक हिल’ नावाची कादंबरी लिहून ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये छापून आली. डोनोराचं नाव वाचकाने वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर दरीत कोंडून वीस माणसं मेली. अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाची चर्चा जोरात सुरू झाली ती त्या घटनेनंतर. त्या जस्ताच्या कारखान्यात स्पॅनिश कामगार पहिल्यापासून होते, हे त्या चर्चेत क्वचितच येतं.

घरच्या कथांमध्ये एक मामा नेहमी भेटतो. कुणीही बोटीवरून उतरलं की मामाकडे जातं. यातले काही मामा खरे होते, काही कायद्याने जन्माला घातले होते. १८८५ पासून अमेरिकेत असा कायदा होता की परदेशातून आधी करार करून मजूर आणायचा नाही. म्हणजे एलिस आयलंडच्या अधिकाऱ्यासमोर ‘माझी नोकरी ठरली आहे’ असं म्हणालात तर परतीची बोट. आणि ‘हातात काही नाही’ असं म्हणालात तर सरकारवर भार पडेल म्हणूनही परतीची बोट. या दोन दगडांवरून पाय न घसरता जायचं तर उत्तर एकच : कामाची तयारी आहे, काम ठरलेलं नाही, आणि उतरायला नातेवाइकाचं घर आहे. बोटीच्या प्रवासी याद्यांत ‘कुणाकडे जाणार’ असा रकाना असे. एकाच गावच्या अनेकांनी त्या रकान्यात एकच पत्ता दिलेला सापडतो. तो पत्ता बहुधा खाणावळीचा.

या खाणावळींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा होता. न्यूयॉर्कला ब्रुकलिन पुलाजवळच्या चेरी स्ट्रीटच्या आसपास गालिसियाचे खलाशी आणि बोटींवर कोळसा टाकणारे राहत. नेव्हाडा आणि आयडाहोत बास्क मेंढपाळांच्या खाणावळी होत्या. जस्ताच्या गावांत तर घर म्हणजेच खाणावळ. नवरा भट्टीवर, बायको घरी, आणि त्या घरात पाच-दहा सडे पुरुष पैसे देऊन राहणारे. त्यांचा स्वयंपाक, त्यांचे धुराने काळे झालेले कपडे, पाळी संपवून येणाऱ्याला गरम पाणी, निरक्षराला आलेलं पत्र वाचून दाखवणं, हे सगळं तिच्याकडे. पुष्कळ घरांत नवऱ्याच्या पगाराशी बरोबरी करील एवढं ती मिळवत असे. आणि जनगणनेचा कारकून दारात आला की तिच्या धंद्याच्या रकान्यात लिहून जाई : काही नाही. सरकारी कागद आणि घरची आठवण यांच्यात तंटा असेल तेव्हा कागद खरा मानायची आपली सवय आहे. या एका रकान्यापुरती तरी ती सोडावी.

आपल्याकडे गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गावोगावचे ‘कूड’ होते, त्याची मराठी वाचकाला इथे आठवण होईल. एका गावाचा एक कूड, गावचा माणूस बोटीवरून उतरला की हक्काची पथारी. गालिसियाच्या मंडळींनी हेच केलं आणि त्याच्या पुढचंही. हवाना, ब्यूनोस आयर्स, न्यूयॉर्क इथे बसून त्यांनी आपापल्या खेड्याच्या, कधी नुसत्या वाडीच्या नावाने मंडळं काढली, वर्गण्या गोळा केल्या आणि त्यातून गालिसियात दोनशेहून अधिक शाळा बांधल्या. सरकार शाळा देत नव्हतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याला परदेशात किती नाडलं जातं हे यांनी स्वतः सोसलं होतं. गालिसियाचं प्रांतगीत पहिल्यांदा गायलं गेलं तेही गालिसियात नव्हे, हवानात, डिसेंबर १९०७ मध्ये.

त्याच १९०७ सालची दुसरी एक गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. १० मार्चला मालागा बंदरातून ‘हेलिओपोलिस’ नावाची बोट सुटली. तिच्यावर २२४६ माणसं होती आणि ती चालली होती हवाईला. पनामाचा कालवा व्हायला अजून सात वर्षं होती. म्हणून बोट अटलांटिक उतरून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून वळून, पॅसिफिक चढून एप्रिलच्या अखेरीला होनोलुलूला लागली. अंदालुसियातल्या ज्या शेतमजुराने आयुष्यात जिल्ह्याचं गाव पाहिलं नसेल त्याने पहिल्याच प्रवासात अर्धी पृथ्वी ओलांडली.

यामागे हवाईचे ऊसमळेवाले होते. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई खालसा केलं आणि थोड्याच काळात बांधील करारावर मजूर ठेवणं तिथे बेकायदा ठरलं. मळ्यांवर तेव्हा जपानी मजुरांचं बळ वाढलेलं होतं आणि ते संप करू लागले होते. मालकांना युरोपातली, गोरी आणि कुटुंबवत्सल माणसं हवी होती : एक तर जपान्यांना शह, शिवाय बेटं ‘अमेरिकी’ करण्याची हौस. पोर्तुगीज आधी आणून झाले होते. मग एजंट अंदालुसियात फिरले. मोफत प्रवास, घर, शाळा, तीन वर्षं काम केल्यास जमिनीचा तुकडा. याच १८९८ सालात स्पेनने अमेरिकेशी लढाई हरून क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले होते. त्या लढाईत ज्यांचे भाऊ आणि चुलते तापाने मेले ती घरं नऊ वर्षांनी जेत्याच्या नव्या बेटांवर ऊस तोडायला निघाली. याची खंत करणारं कुणी कुटुंबकथांत मला दिसत नाही. पोटाला भाकरी नसली की साम्राज्य कुणाचं गेलं याचं सुतक कोण पाळतं?

भाकरी का नव्हती, याची कारणं मात्र नीट सांगता येतात. मालागाच्या डोंगरउतारांवरचे द्राक्षमळे १८७८ नंतर फिलॉक्सेरा किडीने मुळापासून खाल्ले. बेदाणा गेला, मजुरी गेली. जमीन मोठ्या जमीनदारांची, मजूर रोजावर. त्यात सैन्यभरती. स्पेन मोरोक्कोत लढत होता आणि पंधराशे पेसेता भरले की सैन्यातून सुटका होत असे, म्हणजे श्रीमंताचा मुलगा घरी आणि गरिबाचा आघाडीवर. १९१२ मध्ये हा नियम बदलला, तोही अर्धामुर्धाच. त्यामुळे ‘आजोबा भरती चुकवून पळाले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मळेवाल्यांना सडे पुरुष नको होते, कुटुंबं हवी होती, आणि कर्ता पंचेचाळिशीच्या आतला हवा होता. या अटीने कुटुंब नावाच्या गोष्टीचे काय काय आकार केले असतील! घाईघाईची लग्नं, वयातली दोन-चार वर्षं कमी-जास्त, शेजाऱ्याचा धडधाकट मुलगा आपला म्हणून यादीत. पुढे वंशावळ लावणारा नातू चक्रावतो : कागदावरचा काका घरात कुणालाच कसा माहीत नाही? तेव्हाच्या स्पेनमधल्या वर्तमानपत्रांना आणि अधिकाऱ्यांना ही भरती पसंत नव्हती. म्हणून नंतरच्या काही बोटी जिब्राल्टरहून, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतून सुटल्या. १९११ मध्ये ‘ऑर्टेरिक’ नावाच्या बोटीवर स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकत्र कोंबले गेले. वाटेत गोवराची साथ आली आणि पन्नासहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक लहान मुलं. त्या बोटीने आलेल्या घरांत ही आठवण आकड्याने सांगत नाहीत, अमक्याची धाकटी आणि तमक्याची मधली, अशी सांगतात.

१९१३ पर्यंत सहा बोटींतून सुमारे आठ हजार स्पॅनिश माणसं हवाईत उतरली. १९३० च्या जनगणनेत तिथे १२१९ उरली होती. बाकीची गेली कॅलिफोर्नियात. मळ्यावरची मजुरी शिलकीला टाकायची आणि भाडं जमलं की सान फ्रान्सिस्कोची बोट धरायची, असा हिशेब बहुतेकांनी पहिल्या वर्षातच मांडला होता. मालकांनी एवढा खर्च करून आणलेली गोरी कुटुंबं अशी हातोहात निसटली. आणि ज्या गोरेपणासाठी त्यांना आणलं त्याचं काय झालं म्हणाल, तर हवाईच्या जनगणनेत ‘पोर्तुगीज’ आणि ‘स्पॅनिश’ असे दोन रकाने वेगळे, आणि ‘इतर गोरे’ हा तिसरा रकाना त्यांच्या खाली.

कॅलिफोर्नियात ही मंडळी फळबागांत आणि डबाबंद फळांच्या कारखान्यांत शिरली. व्हॅकाव्हिल, विंटर्स, रॉकलिन, हेवर्ड, माउंटन व्ह्यू, सनीव्हेल. जर्दाळू, चेरी, प्लम. उन्हाळ्यात सगळं घर, पोरांसकट, जर्दाळू कापून वाळत घालायला. ज्या माउंटन व्ह्यू आणि सनीव्हेलला आज पुण्या-नागपूरची मुलं संगणकाच्या नोकऱ्या करतात, तिथे शंभर वर्षांपूर्वी मालागा आणि ग्रानादाच्या बायका फळं सोलत बसत होत्या. बागा गेल्या, कारखाने पाडले गेले, आणि तिथली मराठी मंडळं ज्या सभागृहांत गणपती बसवतात त्यांच्या खालच्या मातीचा हा इतिहास त्यांना सांगायला कुणी भेटत नाही.

फ्लोरिडातल्या टँपाची गोष्ट त्यामानाने ठळक आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. विसेन्ते मार्तिनेझ इबोर या व्हॅलेन्सियाच्या कारखानदाराने १८८५-८६ मध्ये तिथे चिरुटांचं एक अख्खं गाव वसवलं. अस्तुरियास, गालिसिया, क्यूबा आणि सिसिलीचे कामगार तिथे शेजारी शेजारी बसून पानं वळत आणि त्यांनीच पगार देऊन ठेवलेला वाचक उंच आसनावरून त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्यांच्या मंडळांची स्वतःची रुग्णालयं होती, महिन्याची वर्गणी भरली की उपचार मिळे. १९३१ मध्ये मालकांनी वाचक बंद केले. त्यांच्या मते ते फार डावं वाचत होते.

आता नावांबद्दल. ‘एलिस आयलंडवर आमचं आडनाव बदललं’ हे वाक्य अमेरिकेतल्या प्रत्येक जमातीच्या घरात ऐकू येतं आणि ते जवळजवळ कधीच खरं नसतं. प्रवासी यादी बोट निघायच्या बंदरातच भरली जाई आणि पलीकडचा अधिकारी तिच्यावर फक्त खुणा करी. स्पॅनिश घरांची अडचण निराळी होती. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं आणि मग आईचं, आणि लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. अमेरिकी कारकून शेवटचा शब्द आडनाव समजून लिहून घेई. म्हणजे बापाचं आडनाव मधल्यामध्ये हरवे आणि मूल आयुष्यभर आजोळच्या नावाने ओळखलं जाई. दोन भावांनी दोन शाळांत नावं घातली आणि दोघांची आडनावं निराळी झाली असंही घडे. बायकांचं नुकसान याहून मोठं. मायदेशी जे नाव मरेपर्यंत त्यांचं राहिलं असतं, ते इथे चर्चमधल्या एका सहीसरशी गेलं.

काहींनी नाव आपण होऊन बदललं. गालिसियाच्या पोंतेवेद्रा प्रांतातला फ्रान्सिस्को एस्तेवेझ क्यूबामार्गे ओहायोतल्या डेटनला आला आणि गल्ला मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. त्याचा मुलगा रामोन नट व्हायला निघाला. स्पॅनिश नावाला काम मिळेना म्हणून तो मार्टिन शीन झाला. कागदोपत्री त्याने जुनं नाव सोडलं नाही. त्याच्या मुलांपैकी एमिलिओने आजोबांचं एस्तेवेझ ठेवलं आणि कार्लोस चार्ली शीन झाला. २०१० मध्ये बाप आणि एमिलिओ यांनी मिळून ‘द वे’ हा सिनेमा केला. गालिसियातल्या सांतियागोपर्यंतच्या पायी यात्रेचा हा सिनेमा त्यांनी फ्रान्सिस्कोला अर्पण केला आहे. एका घराने तीन पिढ्यांत नाव टाकलं, ठेवलं आणि पुन्हा शोधायला निघालं, हे इतक्या उघड्यावर फार थोड्यांच्या बाबतीत दिसतं.

१९२४ मध्ये अमेरिकेने दार लावलं. स्पेनच्या वाट्याला वर्षाला १३१ माणसं. नवं रक्त येणं थांबलं. बारा वर्षांनी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. टँपापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या कामगार मंडळांनी प्रजासत्ताकासाठी पैसे, कपडे, रुग्णवाहिका पाठवल्या, सहली आणि नाटकं करून वर्गण्या काढल्या. प्रजासत्ताक युद्ध हरलं. ‘थोडे पैसे जमले की परत जाऊ’ म्हणणाऱ्यांचं परतणं तिथे संपलं, कारण परत जायचं ते आता हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात. आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेतही डाव्या वर्गण्यांच्या पावत्या घरात असणं धोक्याचं झालं. कुटुंबकथांत १९३६ नंतर एक लांब गप्पपणा येतो तो यामुळे. मुलांना स्पॅनिश न शिकवण्याचा निर्णय कितीतरी घरांत याच सुमाराचा आहे. तो नुसत्या लाजेतून आला असं मानायला मी तयार नाही.

या सगळ्या हकिकतींत एक बाजू लंगडी राहते, हेही सांगून ठेवतो. कथा सांगतात ते गेलेल्यांचे वंशज. मॅन्युएल फेरोल या छायाचित्रकाराने १९५७ मध्ये आ कोरुन्याच्या धक्क्यावर काढलेलं एक छायाचित्र स्पॅनिश स्थलांतराचं जणू प्रतीकच बनलं आहे : एक बाप आणि त्याचा मुलगा, दोघांचे चेहरे रडून वेडेवाकडे झालेले. पाहणाऱ्याला वाटतं हे निघाले आहेत. ते निघालेले नव्हते, मागे राहणारे होते. बोटीवर त्यांची माणसं होती. मागे राहिलेल्या बायकांनी शेतं राखली, सासू-सासरे पोसले, येणाऱ्या पैशांचा हिशेब ठेवला आणि पैसे यायचे थांबले तेव्हा गावाला त्याचं कारण सांगितलं. काही नवऱ्यांनी पलीकडे दुसरं घर मांडलं होतं. अमेरिकेतल्या अल्बमांत त्या बायका नाहीत. कधी कधी त्यांची नावंही नाहीत.

गेल्या काही वर्षांत या पेट्या घाईने उघडल्या गेल्या, त्याचं कारण भावनेइतकंच कायद्यातही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनने लोकशाही स्मृतीचा कायदा केला आणि स्पॅनिश माणसांच्या परदेशी जन्मलेल्या नातवंडांना नागरिकत्व मागण्याची मुभा दिली. मुदत आधी दोन वर्षांची, मग आणखी एक. ब्यूनोस आयर्स, हवाना, मायामीच्या वकिलातींत अर्जांचे ढीग लागले. खेड्यांतल्या चर्चना बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी पत्रं जाऊ लागली. तिथल्या काही नोंदवह्या १९३६ मध्येच जळाल्या होत्या. नातवंडांनी पहिल्यांदाच आजोबांचं दुसरं आडनाव नीट लिहिलं. या कायद्यात एक कलम बायकांसाठी आहे. परक्या देशाच्या माणसाशी लग्न केल्यामुळे जिचं स्पॅनिश नागरिकत्व गेलं, तिच्या मुलांनाही अर्ज करता आला. त्यासाठी तिच्या लग्नाचा दाखला जोडायचा. लग्न ऑगस्ट १९५४ च्या आधीचं असेल तर तेवढा दाखला पुरे, कारण तोवर परक्याशी लग्न म्हणजे नागरिकत्व गेलंच, असं स्पॅनिश कायदा धरून चालत होता. त्यानंतरचं असेल तर नवऱ्याच्या देशाने तिला आपलं मानलं होतं, हेही मुलांनी कागदाने दाखवायचं.